नफा पलंगाखाली होता

परवा लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या मुलीने विचारलं, ताई तुम्ही ते हळदीकुंकवाचं वाण होलसेलने आणून विकता ना, त्यात सुटतं का हो काही? मी पटकन म्हटलं, सुटतं की. तेवढ्यात तिचा मजला आला आणि ती गेली. पण खरं उत्तर एवढं सोपं नाहीये, कारण पहिल्या वर्षी मी सगळ्यांना सांगत होते की सात हजार आठशे सुटणार आणि शेवटी साडेसातशे रुपये माझ्याच खिशातून गेले, आणि हे कळायला मार्च उजाडला. ते पण मला नाही कळलं, सासऱ्यांना कळलं.

तर झालं असं. २०२३ च्या डिसेंबरात मी आणि माझी धाकटी जाऊ भांडुपहून लोकल पकडून मस्जिदला उतरलो. आधी अब्दुल रहमान स्ट्रीट, मग क्रॉफर्ड मार्केट, मग चालत चालत काळबादेवी. दोघींनी आयुष्यात कधी दहा वस्तू एकदम घेतल्या नव्हत्या, इथे प्रत्येक दुकानदार विचारतो किती डझन, किती ग्रोस. ग्रोस म्हणजे बारा डझन, १४४ नग, हे धाकटीला माहीत होतं, मला नाही. आणि प्रत्येक गल्लीचं माप वेगळं. पेनं ग्रोसवर, रुमाल डझनावर, मंगलदास मार्केटला कापड घ्यायचं तर अख्खा ताका, दादरला फुलं किलोवर, आणि स्टीलची छोटी भांडी पण किलोवर. म्हणजे एका मापाने घ्यायचं आणि दुसऱ्या मापाने विकायचं. किलोने घेऊन नगाने विकायचं, ताक्याने घेऊन मीटरने विकायचं. आता मला कळतंय की होलसेलचा अर्धा नफा या माप बदलण्यात आहे आणि सगळे घोटाळे पण तिथेच आहेत, पण तेव्हा आम्ही फक्त स्वस्त आहे स्वस्त आहे म्हणून खूश होत होतो.

एका दुकानात झाकणाची छोटी स्टीलची डबी आवडली. हळद किंवा कुंकू मावेल एवढी. रेट ३०० रुपये किलो. दुकानदार म्हणाला किलोत वीस बसतात, म्हणजे डबी पडली १५ ला. भांडुप स्टेशनच्या बाहेर तशीच डबी ३५ ला बघितली होती. आम्ही ठरवलं २८ ला देऊ. ३० किलो घेतल्या, म्हणजे सहाशे डब्या, नऊ हजार रुपये. तिथेच उभं राहून मोबाईलवर केलं, सहाशे गुणिले तेरा, ७,८००. धाकटीने माझा हात दाबला. एवढा तर तिचा एका महिन्याचा ट्यूशनचा इन्कम होता.

मग तो म्हणाला पक्कं बिल हवं की कच्चं. पक्क्यावर १२ टक्के जीएसटी, १,०८०. आम्ही दोघी सरळमार्गी, पक्कं घेतलं, १०,०८० दिले. पण डोक्यातला तो ७,८०० चा आकडा काही बदलला नाही. तो तसाच राहिला, थेट मार्चपर्यंत.

३० किलो स्टील घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये चढायची आयडिया धाकटीची होती. मी नाही म्हटलं. पाटीवाला केला, टॅक्सी केली थेट घरापर्यंत, दोन्ही मिळून हजार रुपये. घरी मोजल्या तर डब्या निघाल्या ५७०. परत मोजल्या. ५७०च. तीस डब्या कुठे गेल्या हे काही कळेना, दुकानदाराने फसवलं म्हणून दोन दिवस चिडचिड केली आणि सोडून दिलं. चौदा डब्यांना पोचा आला होता किंवा झाकण बसत नव्हतं. बारा मी माझ्या स्वतःच्या हळदीकुंकवाला लुटल्या. राहिल्या ५४४.

विक्री मस्त झाली असं मला वाटत होतं. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले, सोनेरी रिबिनीच्या पारदर्शक पिशवीत एकेक डबी, फार गोड दिसत होती. सुट्या ३१० गेल्या २८ ने. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीच्या महिला मंडळाने १२० मागितल्या, २३ ला द्या म्हणाल्या, मी एका पायावर तयार, एकदम १२० ची ऑर्डर म्हणून पेढे काय ते वाटायचे बाकी होते. त्यांनी पैसे दिले ८ मार्चला, महिला दिनाच्या कार्यक्रमात, स्टेजवर बोलावून. असो. रथसप्तमी झाली आणि ११४ डब्या उरल्या त्या पलंगाखाली सरकवल्या. मला वाटलं थोड्या उरल्या, पुढच्या वर्षी जातील, त्यात काय.

आमचे सासरे, आप्पा, मस्जिद बंदरला एका धान्याच्या पेढीवर दिवाणजी होते, बाजार वाशीला गेला तसे तेही वाशीला गेले. आता वय झालंय, पण अजून हिशोब म्हटला की कान टवकारतात. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ, आम्हाला बाराचा पाढा म्हणताना मोबाईल लागतो. मार्चमध्ये एका दुपारी म्हणाले, "काय मग शेठाणी, वही दाखवा." वही कुठली. मी मोबाईलमधला तो ७,८०० सांगितला. ते काही बोलले नाहीत, चष्मा मागितला आणि जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला बसले.

पहिला प्रश्न, "बारदान वजा केलं होतंस का?" मला आधी शब्दच कळला नाही. धान्याची गोणी तोलली की गोणपाटाचं वजन वेगळं काढायचं, ते बारदान, नाहीतर तुम्ही तांदळाच्या भावात तागाचं पोतं विकत घेता. त्यांनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक डबी ठेवली. बरोब्बर ५० ग्रॅम. म्हणजे किलोत वीस हे दुकानदाराचं खरंच होतं! मग ५७० डब्या म्हणजे साडेअठ्ठावीस किलो. उरलेला दीड किलो म्हणजे पुठ्ठ्याची खोकी आणि रद्दी पेपर, जे आम्ही ३०० रुपये किलोने, वर जीएसटी भरून घरी आणले. त्या खोक्यांमध्ये आमच्याकडे अजून दिवाळीचे दिवे ठेवलेत, म्हणजे अगदीच वाया नाही गेले, पण ५०४ रुपयांची खोकी.

मग खर्च. माल १०,०८०. पाटीवाला आणि टॅक्सी १,०००. पिशव्या आणि रिबीन नगाला दीड रुपया, ५७० चे ८५५. इथपर्यंत मी सांगितलं. आप्पा म्हणाले, "आणि डब्या पोचवायला रिक्षाने गेलीस ते?" ते मी धरलेच नव्हते, ते मला घरखर्चातले वाटत होते. आठवून आठवून २६० निघाले. सगळे मिळून १२,१९५.

आणि जमा? ३१० डब्यांचे ८,६८०, महिला मंडळाचे २,७६०. एकूण ११,४४०.

मी त्या कॅलेंडरच्या कागदाकडे बघतच राहिले. सातशे पंचावन्न रुपये तोटा. दीड महिना राबून, रात्री बारापर्यंत रिबिनी बांधून.

पण आप्पांचं खरं काम पुढे होतं आणि हे मला कोणत्याही कॉमर्सच्या पुस्तकातून इतकं कळलं नसतं. ते म्हणाले, नगामागे किती सुटतात हे विचारूच नको. लागलेले सगळे पैसे विकायच्या भावाने भाग. १२,१९५ भागिले २८. आले ४३५ आणि वर थोडे, म्हणजे ४३६ धर. "या पहिल्या ४३६ डब्या तुझ्या नाहीतच. त्या दुकानदाराच्या, सरकारच्या, टॅक्सीवाल्याच्या, रिबीनवाल्याच्या. ४३७ वी डबी विकलीस की ती पहिली तुझी."

म्हणजे ५४४ पैकी माझ्या डब्या किती? १०८. फक्त १०८. आणि पलंगाखाली किती होत्या? ११४.

हे ऐकल्यावर मला हसू आलं आणि रडू पण आलं. मी आपली प्रत्येक डबीमागे तेरा रुपये सुटले असं धरून चालले होते, म्हणजे पहिल्या दिवशी दहा डब्या गेल्या की १३० कमावले असा हिशोब. भवानी झाली तेव्हापासून मी मनातल्या मनात नफा खर्च करत होते, त्यातून धाकटीला वडापाव पण दिले. पण नफा तसा थेंब थेंब येतच नाही. आधी सगळं भांडवल परत येतं, आणि नफा सगळ्यात शेवटी, शेवटच्या खोक्यात बसलेला असतो. शेवटचं खोकं विकलं नाही तर नफाच विकला नाही. आप्पांच्या पेढीवर म्हणे एक जुनी बोलायची पद्धत होती, शंभर गोण्यांचा सौदा असला की मालक विचारायचे, "आपल्या गोण्या सुरू झाल्या का रे?"

आता ते महिला मंडळाचं बघा. १२,१९५ ला ५४४ ने भागलं तर डबी मला पडली होती २२ रुपये ४२ पैशाला. १५ ला नाही, टॅक्स धरून होतात त्या १६ रुपये ८० पैशाला पण नाही. आणि मी २३ ला दिली. नगामागे ५८ पैसे. १२० डब्यांवर जेमतेम सत्तर रुपये, ते पण मार्चमध्ये.

पण याच्यापेक्षा मोठी चूक मी दुसरी केली होती आणि ती मला फार लागली. १३ फेब्रुवारीला, म्हणजे रथसप्तमीच्या तीन दिवस आधी, मुलुंडच्या एका बाई आल्या होत्या, साठ डब्या हव्या होत्या, २० रुपयाने मागत होत्या. मी ठसक्यात सांगितलं की २८ चा माल आहे, २५ च्या खाली परवडत नाही. त्या गेल्या. आप्पांना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. पहिल्या आठवड्यात आपल्याला पडलेल्या किमतीच्या जवळ देऊ नये, कारण पूर्ण भावाचं गिऱ्हाईक अजून यायचं असतं. पण १३ तारखेला? तीन दिवसांनी त्या डबीला गिऱ्हाईकच नाही. तेव्हा ती कितीला पडली याचा विचार करायचाच नाही, पैसे तर जाऊन बसलेत, आता फक्त समोर येतात किती एवढंच बघायचं. साठ गुणिले वीस, बाराशे. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर तोटा ७५५ च्या जागी ४४५ रुपये नफा झाला असता. म्हणजे जिथे ताणायचं तिथे मी सोडलं आणि जिथे सोडायचं तिथे ताणलं.

टक्क्यांचा एक वेगळाच गोंधळ, तो धाकटीचा, पण मी पण हो ला हो केलं होतं म्हणून मला बोलायला तोंड नाही. तिने मोत्यांच्या नथी आणल्या होत्या, नथ २० ला पडली, त्यावर ३० टक्के लावून २६ ला ठेवली. मग ग्रुपवर लिहिलं, पन्नासच्या वर घेतल्यास २५ टक्के सूट. तिचं म्हणणं, ३० लावलेत, २५ दिले, ५ टक्के उरले ना! नाही उरले. ३० टक्के लावले वीसवर, म्हणजे सहा रुपये. २५ टक्के काढले सव्वीसवर, म्हणजे साडेसहा. नथ गेली साडेएकोणीसला. प्रत्येक नथीमागे आठ आणे घरचे. बरं झालं दोनच ऑर्डरी आल्या.

आप्पांकडे यालाही जुन्या वळणाचा तोडगा आहे. खरेदीला सव्वापट केलं की विक्रीतला पाचवा हिस्सा नफा, दीडपट केलं की तिसरा हिस्सा, दुप्पट केलं की अर्धा. म्हणजे शंभरचा माल सव्वाशेला विकला तर पंचवीस सुटले, ते शंभराचे २५ टक्के पण सव्वाशेचे २०. सूट नेहमी विक्रीच्या आकड्यावर सुटते म्हणून तिथे २० च धरायचे. आणि उलटं करायचं असेल, विक्रीत ३० टक्के राहायलाच पाहिजेत असं असेल, तर खरेदीला ३० टक्के मिळवायचे नाहीत, खरेदीला ०.७ ने भागायचं. २० ची नथ मग २६ ला नाही, साडेअठ्ठावीसला जाते.

जीएसटीचं पण सांगते कारण लोक कायम दुकानाच्या रेटशी तुलना करतात. मालाची विक्री वर्षाला ४० लाखाच्या आत असेल तर आपल्याकडे साधारणपणे नंबर घ्यावा लागत नाही, आमची विक्री हजारांत, प्रश्नच नाही. पण नंबर नाही म्हणजे खरेदीवर भरलेला टॅक्स आपल्याला वळता पण करून मिळत नाही. १२ टक्के होते तेव्हा ज्या दुकानदाराकडे नंबर होता त्याला १५ ची डबी १५ लाच पडायची, वरचे १ रुपया ८० पैसे तो आपल्या टॅक्समधून वळते करायचा. मला ती १६.८० लाच पडली. म्हणून मी टॅक्स सरळ खरेदीतच धरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या भांड्यांवर १२ चे ५ टक्के झाले तेव्हा टीव्हीवर गाड्या आणि टीव्ही दाखवत होते, आमच्या घरात आप्पा आणि मी डबीचा हिशोब करत होतो.

आणि कच्च्या बिलाचं म्हणाल तर, त्या पोचा आलेल्या चौदा डब्या आम्ही नंतर पक्कं बिल घेऊन बदलायला गेलो होतो. दुकानदाराने बिल वाचलं, त्यावर खाली बारीक अक्षरात लिहिलेली ओळ बोटाने दाखवली. विकलेला माल परत नाही. तरी मी पक्कंच घेते.

दुसऱ्या वर्षी, २०२५ ला, मी शहाणी झाले होते असं नाही पण घाबरलेली होते. पलंगाखालच्या ११४ मधल्या ७० डब्या २० ने काढल्या, १,४०० आले, त्यामुळे पहिल्या वर्षाचा तोटा भरून वर ६४५ राहिले. आप्पा म्हणाले वर्षभर पैसे अडकले त्याचं व्याज धर. मी म्हटलं आप्पा, आता बास. उरलेल्या ४४ घरात वापरते, मोहरी, जिरं, मेथ्या, वेलदोडे, आमचं मिसळणाचं कपाट बघाल तर हसाल.

नवीन माल म्हणून खणाच्या पोटल्या घेतल्या, २५ डझन, दादरच्या एका दुकानातून. तिथे पहिल्यांदा मी घासाघीस भावावर केली नाही. तो २० ला देत होता. मी विचारलं, उरला तर परत घेणार का? तो म्हणाला मग २२ पडतील, रथसप्तमीनंतर पाच दिवसांत आणायच्या, न फोडलेले डझनच घेईन, आणि चौथा हिस्साच. धाकटी माझ्या कानात, अगं ताई सहाशे रुपये जास्त जातायत. बरोबर, तीनशे पोटल्यांना दोन दोन रुपये. पण मी तिथेच भागाकार केला, बिनपरतीच्या मालाचे सहा हजार, त्याला २२ ने भागलं, २७२ च्या वर आले. म्हणजे २७३ किंवा जास्त विकणार अशी खात्री असेल तर २० वाला सौदा चांगला, त्याच्या खाली राहिलो तर २२ वाला. मला खात्री नव्हती. पोटली ४० ला ठेवली, २३६ गेल्या. पाच डझन परत दिले. चार उरल्या, त्यातली एक माझ्याकडे आहे, रेल्वेचा पास ठेवते. ९,४४० आले, २४० पोटल्यांचे ५,२८० दिले, ४,१६० राहिले. २० ने घेतल्या असत्या तर ३,४४० राहिले असते. तेव्हापासून धाकटी मला जरा घाबरून असते.

हो, आणि आप्पा आमच्या या धंद्याला धंदा मानतच नाहीत, ते वेगळंच. त्यांचं म्हणणं, ३० टक्के सुटले हे काय सांगता, किती दिवसांत सुटले ते सांगा. त्यांचे मालक धान्यावर २ टक्क्यांवर काम करायचे पण पैसा महिन्यात चार वेळा फिरायचा. दहा हजार रुपये, फेऱ्याला दोनशे, महिन्याला आठशे, वर्षाला ९,६००. आमचे दहा हजार वर्षातून एकदाच फिरतात, ३० टक्के म्हणजे तीन हजार, खेळ खल्लास. मात्र त्या चार फेऱ्यांतला एक जरी उधारीत अडकला की महिन्याचा पाव नफा गेला, म्हणून उधारी मागायला आलेल्या माणसाला ते चहा द्यायचे आणि माल द्यायचे नाहीत. आमचं तसं नाही, आमचा धंदाच सणाचा, एकदाच फिरणार. पण मग तो एकदा नीट तरी फिरायला हवा ना.

आणि इथेच यंदा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. संक्रांत सूर्यावर चालते, १४ किंवा १५ जानेवारी, हलत नाही. रथसप्तमी तिथीवर, माघ शुद्ध सप्तमी, ती पुढेमागे होते. म्हणजे वाणाचा सीझन दर वर्षी वेगळ्या लांबीचा! हे लहानपणापासून माहीत होतं पण धंद्याच्या नजरेने कधी बघितलंच नव्हतं. २०२४ ला १५ जानेवारी ते १६ फेब्रुवारी, मधे चार रविवार. २०२५ ला १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी, तीन रविवार. आणि २०२६ ला १४ ते २५ जानेवारी. बारा दिवस. दोन रविवार, त्यातला दुसरा म्हणजे रथसप्तमीच. हक्काची २६ जानेवारीची सुट्टी, ती पण एक दिवसाने हुकली. नोकरी करणाऱ्या बायका हळदीकुंकू रविवारी किंवा सुट्टीला करतात, आमचं सगळं गिऱ्हाईक तेच. म्हणजे चार रविवारांचा माल आणून दोन रविवारांत विकायला गेले असते तर पलंग वर उचलला गेला असता.

म्हणून डिसेंबरमध्ये आधी एकच नमुन्याची डबी आणली, फोटो टाकला, ऑर्डर घेतल्या, अर्धे पैसे आधी. १७० नगांच्या ऑर्डर आल्या. मग २४० घेतल्या, जास्त नाही. १२ किलो, रेट आता ३१०, आणि काट्यावर ठेवायच्या आधी खोकी बाहेर काढायला लावली. दुकानातला पोऱ्या माझ्याकडे असा बघत होता की ही कुठून आली. झाकणं पण तिथेच एकेक लावून बघितली, दोघींना पाऊण तास लागला, मागे रांग, एक माणूस तर ओरडला. माल ३,७२०, ५ टक्के जीएसटी १८६, पिशव्या आणि रिबीन ३६०. दोघींनी सहा सहा किलो खांद्यावर मारून दुपारच्या रिकाम्या लोकलने आणल्या, पास होताच, चहा आणि बस धरून ८०. एकूण ४,३४६. भाव ३०. भागाकार केला, १४५. म्हणजे १४६ वी डबी माझी, आणि ऑर्डर होत्या १७०. संक्रांतीच्या आधीच आपल्या गोण्या सुरू झाल्या होत्या! घरी येऊन घेऊन जा म्हणून सांगितलं, रिक्षा बंद. बारा स्वतःच्या हळदीकुंकवाला, बाकी २२८ सगळ्या गेल्या, शेवटच्या नऊ २५ तारखेला सकाळी. ६,८४० आले. २,४९४ सुटले.

आप्पांनी आकडा बघितला, मान डोलावली, आणि मग विचारलंच, "आणि दोघींची मजुरी?" तास मोजले आम्ही, जाणं, येणं, पॅकिंग, ते व्हॉट्सअॅपवर किती वेळा रंग दुसरा आहे का विचारणाऱ्यांना उत्तरं देणं, सगळं धरून चाळीस एक तास झाले. तासाला ६२ रुपये, आणि ते पण दोघींत वाटायचे. धाकटी म्हणाली यापेक्षा मला ट्यूशन परवडते. हे खरं आहे आणि तरीही ती जानेवारी संपायच्या आत पुढच्या वर्षीचं विचारत होती. २०२६ ला अधिक महिना आहे, त्यामुळे २०२७ ला रथसप्तमी परत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाते, चार रविवार मिळतात. ते मी वहीत लिहून ठेवलंय. आता वही आहे.

काल धाकटीचा फोन आला. ताई, पावसाळ्यासाठी लहान मुलांचे रेनकोट घेऊया का, अब्दुल रहमान स्ट्रीटला डझनाचा रेट चांगला मिळतोय. मी म्हटलं परत घेतो का? नाही घेत. मग म्हटलं पाऊस कधी येणार? ती हसायला लागली, अगं मुंबई आहे ही, पाऊस येणार नाही का! येणार गं, पण २०२३ ला मान्सून मुंबईत २५ जूनला आला होता आणि २०२५ ला २६ मेलाच. म्हणजे एका वर्षी शाळा सुरू होऊन पोरं कोरडी जात होती आणि एका वर्षी शाळा उघडायच्या आधीच रस्ते तुंबले. महिन्याचा फरक. २५ जूनपर्यंत रेनकोट कुठे ठेवायचे, तिच्या पलंगाखाली की माझ्या?

ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, माझ्या पलंगाला बॉक्स आहे, त्यात नाही मावणार. उद्या फक्त रेट काढायला चाललीये म्हणते, सोबत वजनकाटा मागितलाय. मी सांगितलं रेनकोट नगावर मिळतात गं, काटा कशाला. पण आप्पा आतून ओरडले, "असू दे, नेऊ दे."